नागपूर ४४, ठाणे ३३, आणि दोन्हीकडे ‘जाणवतं ४३’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सगळं आयुष्य नागपुरात गेलं, आता ठाण्याजवळच्या ऐरोलीत नोकरी मिळतेय, सोबत पत्नी आणि ७१ वर्षांची आई येणार. मे महिन्यातल्या एका दुपारी तुम्ही फोनवर दोन्हीकडची हवा पाहिलीत. नागपूर ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के, ‘जाणवतं ४३’. ठाणे ३३ अंश, आर्द्रता ७० टक्के, ‘जाणवतं ४३’. दोन्हीकडे सारखंच जाणवणार असेल तर हवेचा विचार यादीतून काढून टाकायचा का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय कॅनडातला भाऊ म्हणतो की उकाड्यापेक्षा थंडी कधीही परवडली. त्यावरही माझं मत हवंय.

मी ठाण्यात २६ वर्षं वातानुकूलनाची कामं करते. घरात, ऑफिसात किती उष्णता साचते ते मोजायचं आणि ती बाहेर कशी काढायची ते ठरवायचं, हा धंदा. माहेर अकोल्याचं, त्यामुळे तुमचा मे महिना मला कुणी सांगायची गरज नाही. मध्ये तीन वर्षं दुबईत काढली. म्हणजे तिन्ही प्रकारचा उकाडा अंगावर घेऊन झालाय. थंडीचं मात्र माझं ज्ञान महाबळेश्वरपलीकडे फारसं जात नाही, तेव्हा भावाचा मुद्दा शेवटी आणि थोडक्यात घेते.

आधी फोनचं बोलू. फोन खोटं सांगत नाहीये. तुमचे आकडे मी स्वतः सूत्रात घालून पाहिले, दोन्हीकडे खरंच ४३ च्या आसपास येतात. ‘जाणवतं’ या आकड्यामागे बऱ्याच ठिकाणी रॉबर्ट स्टेडमन यांनी १९७९ मध्ये मांडलेलं गणित असतं. गणितात खोट नाही, पण त्यात एक ठरावीक माणूस गृहीत धरलाय. उंची साधारण ५ फूट ७ इंच, वजन ६७ किलो, अंगात लांब पँट आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट. हा गृहस्थ सावलीतून, हलक्या वाऱ्यात, ताशी ५ किलोमीटरच्या चालीने चाललाय. आता तुमच्या आई डोळ्यांसमोर आणा. नऊवारी नसली तरी पाचवारी साडी, पुढ्यात गॅसच्या दोन शेगड्या, आणि ज्योत विझते म्हणून बंद केलेली स्वयंपाकघराची खिडकी. तो ४३ चा आकडा त्यांचा नाहीच.

दुसरं म्हणजे एकच बेरीज दोन अगदी वेगळ्या हिशेबांतून येऊ शकते. तुमच्या दोन शहरांत नेमकं तेच झालंय, आणि हे नीट समजून घेतलं तर पुढचे निर्णय सोपे होतील.

घामाघूम झालेल्या माणसाची त्वचा साधारण ३५ अंशांवर असते. नागपूरची ४४ अंशांची हवा त्वचेपेक्षा गरम, म्हणजे ती तुमच्या अंगात उष्णता ओतते. भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं. पण ती कोरडी असते, त्यामुळे घाम बाहेर येताक्षणी वाळतो. आकड्यांत सांगायचं तर ३५ अंशांच्या ओल्या त्वचेपाशी वाफेचा दाब सुमारे ५६ मिलिबार असतो, आणि नागपूरच्या त्या हवेत जेमतेम १४. फरक ४२ चा. ठाण्याच्या ३३ अंश, ७० टक्के हवेत हाच दाब ३५, म्हणजे फरक फक्त २१ चा. घाम वाळवण्याची हवेची ओढ ठाण्यात निम्मी. आणि अंग गार होतं ते वाळलेल्या घामाने, गळलेल्या नव्हे. एक लिटर घाम वाळला तर सुमारे २४०० किलोजूल उष्णता घेऊन जातो. तोच लिटर कॉलरमधून ओघळून बनियनमध्ये मुरला तर तुम्ही नुसतेच भिजलात.

म्हणून नागपुरात माणूस भाजतो आणि ठाण्यात गदमदतो. नागपुरात घाम दिसतच नाही, संध्याकाळी काळ्या शर्टावर मिठाची पांढरी नक्षी उमटते तेव्हा कळतं की दिवसभरात किती पाणी गेलं. ठाण्यात पाच मिनिटांत शर्ट पाठीला चिकटतो आणि माणूस दिवसभर स्वतःवरच वैतागलेला असतो.

हवा तोलायला मी एकच आकडा आधी बघते, तो म्हणजे दवबिंदू. हवा किती थंड केली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बाहेर पडेल, ते तापमान. आर्द्रतेचे टक्के दिवसभर वरखाली नाचतात, पहाटे ९० आणि दुपारी ६०, आणि लोकांना वाटतं दुपारी हवा कोरडी झाली. दवबिंदू तसा नाचत नाही, हवेत खरोखर पाणी किती आहे तेवढंच सांगतो. माझा अनुभवाचा ठोकताळा असा की १६ च्या खाली असेल तर तक्रारीला जागा नाही, २० पर्यंत चालतं, २० ते २४ मध्ये चिकचिक सुरू होते, आणि २४ च्या वर गेला की मिठाच्या बरणीत तांदूळ टाकायचे. तुमच्या त्या दुपारी नागपूरचा दवबिंदू होता १२ च्या आसपास आणि ठाण्याचा जवळपास २७. बघा, आता दोन्ही सारखे वाटतात का?

याचा सगळ्यात घरगुती परिणाम कूलरवर होतो. ओल्या फडक्यावर वारा घातला तर ते जिथपर्यंत थंड होईल, ते वेट बल्ब तापमान. नागपूरच्या त्या हवेत ते सुमारे २३ येतं, ठाण्यात २८. बरा कूलर हवेला त्या दिशेने ऐंशी टक्के अंतर नेतो. म्हणजे नागपुरात ४४ ची हवा २७ होऊन खोलीत येते, वर वाळ्याचा वास फुकट. ठाण्यात ३३ ची होते २९, आणि ती इतकी ओली असते की आधीची ३३ बरी होती असं वाटावं. घोडबंदर रोडवर मी एक घर पाहिलं होतं. मंडळी अमरावतीची, हौसेने टेम्पोत घालून कूलर आणलेला. नागपुरी सवयीप्रमाणे खिडकीत लावायचा सोडून तो खोलीच्या आत ठेवला आणि डास नकोत म्हणून खिडक्या बंद. दहा-बारा दिवसांत गाद्यांना कुबट वास आला, कपाटाच्या दाराचं लॅमिनेट खालच्या कडेने फुगलं. मला बोलावलं होतं ते ‘एसी लावायचाय, आणि भिंतीतून पाणी कुठून येतंय तेही बघा’ म्हणून. भिंतीतून कुठलं पाणी येतंय! ते रोज संध्याकाळी स्वतःच्या हातांनी कूलरमध्ये ओतत होते.

उलट प्रयोगही मी केलाय, तोही निव्वळ कुतूहलापोटी. मे महिन्यात ठाण्याच्या घरी दीड टनाच्या एसीच्या ड्रेनच्या नळीखाली बादली ठेवली. रात्री दहा ते सकाळी सहा, सात लिटरच्या वर पाणी. तेवढीच क्षमता असलेला एसी अकोल्याला भावाकडे आहे, त्याच महिन्यात तिथे तसंच केलं तर बादलीचा तळ ओला झाला होता, बस. म्हणजे ठाण्यात एसीच्या विजेचा चांगला मोठा वाटा हवा गार करण्यात जात नाही, पाणी काढण्यात जातो.

आणि इथे एक कबुली. सुरुवातीच्या काळात मी अकरा बाय दहाच्या बेडरूमला दोन टनाचा एसी बसवला होता. गिऱ्हाईक म्हणालं मोठा द्या, मीही मान डोलावली. आठवड्याने तक्रार आली, ‘मॅडम, गार खूप होतं, पण चादर ओली वाटते.’ मोठं मशीन पाच मिनिटांत तापमान उतरवतं आणि बंद होतं. पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. स्वखर्चाने एक टनाचा बसवून दिला तेव्हा तक्रार थांबली. तुम्ही ठाण्यात एसी घ्याल तेव्हा दुकानदार हमखास मोठा गळ्यात मारेल. विदर्भाच्या हिशेबाने ‘मोठाच बरा’ म्हणू नका.

आता मुख्य मुद्दा. हवा किती वाईट, हे विचारताना आपण वर्षातला सगळ्यात वाईट दिवस डोळ्यांसमोर ठेवतो. मी गिऱ्हाइकांना उलटं विचारते: त्या हवेत प्रत्यक्ष तास कोण आणि किती काढणार?

दुबईचं उदाहरण घ्या. ऑगस्टमध्ये दिवसा ४१-४२, रात्री तीसच्या खाली उतरायची मारामार, आणि खाडीच्या बाजूला दवबिंदू इतका वर की दुकानातून बाहेर पाऊल टाकलं की चष्मा पांढरा. त्याच आखातात सौदी अरेबियाच्या धहरान इथे जुलै २००३ मध्ये दवबिंदू ३५ नोंदला गेलाय, म्हणजे हवा जवळजवळ माणसाच्या त्वचेइतकी ओली. कागदावर याहून वाईट हवा शोधून सापडणार नाही. पण माझ्यासारखी नोकरदार बाई तिथे हवेत राहतच नव्हती. घर २४, गाडी २२, ऑफिस २३. दिवसाकाठी वीस मिनिटं खरी हवा. माझ्या साइटवरच्या कामगारांचे तास मात्र वेगळे होते. तिथे उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे ती त्यांच्यासाठी. एकच शहर, एकच ऑगस्ट, पण त्याची हवा आम्हा दोघांना सारखी वाईट नव्हती.

तुमचंही तेच होणार आहे. ऐरोलीची ऑफिसं वातानुकूलित, म्हणजे तुमचे नऊ तास सुटले. राहतो तो प्रवास. ऐरोलीला जाणाऱ्या ट्रान्स हार्बर लोकलच्या डब्यात गर्दीच्या वेळी अंगाला अंग लागलेलं असतं, आणि नुसता उभा असलेला माणूसही शंभरेक वॉट उष्णता सोडतो. एका डब्यात दोनशे माणसं म्हणजे वीस किलोवॅट, दहा गीझर एकदम चालू केल्यासारखं. त्रासदायक आहे, पण अर्ध्या तासात संपतं. पत्नी काय करणार आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यावरही बरंच अवलंबून. आईंचे मात्र चोवीसच्या चोवीस तास घरातले. तुमच्या कुटुंबात ठाण्याची हवा सगळ्यात जास्त त्यांच्या वाट्याला येणार, तेव्हा निवड त्यांच्या तासांवर करा.

वर्ष कसं जातं ते सांगते. नागपुरात मार्चच्या मध्यापासून मृग बरसेपर्यंत तीन महिने भाजणं. या काळात दुपार वाईट, पण घर बंद, पडदे खाली, कूलर चालू, की निभावतं. रात्र तिथेही थंड नसते बरं का. मेमध्ये पहाटेचा पाराही २८ च्या आसपास असतो, पण कोरडी हवा आणि कूलर यांमुळे झोप लागते. पाऊस सुरू झाला की कूलर निकामी होतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली की नागपूरही आमच्यासारखंच गदमदतं. हे तुम्ही लोक सोयीस्कर विसरता! मग नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोन्यासारखे, शेकोटीसकट.

ठाण्यात मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस असे येतात की पूर्वेकडचा जमिनीवरचा वारा जोर धरतो, समुद्रावरचा वारा यायला दुपार उलटते, आणि पारा अडतीस-चाळिसाला टेकतो. हे दिवस थोडे असतात. मग एप्रिल अखेर ते पाऊस येईपर्यंत खरा छळ. दिवसा ३३-३४, रात्री २७-२८, आणि दवबिंदू २५ च्या वर. पाऊस इथे साधारण ११ जूनला अपेक्षित असतो, आणि त्याआधीचे तीन आठवडे हा आमचा वर्षातला सगळ्यात वाईट काळ. त्यात दिवस-रात्र असा फरकच राहत नाही. नागपुरात ऊन उतरलं की सुटका झाल्यासारखी वाटते, इथे सुटका होत नाही. रात्री तीनला जाग येते आणि मान ओली असते.

पावसाळ्याबद्दल माझं मत बऱ्याच लोकांहून वेगळं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दवबिंदू कमी होत नाही, २४-२५ असतोच. पण तापमान २६ ते ३० मध्ये राहतं, वारा असतो, ऊन नसतं. पंख्याखाली अंगाला त्रास नाही. त्रास वस्तूंना. कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर हिरवट बुरशी, गव्हाच्या पिठात किडे, पापड तळायच्या आधीच मऊ, आणि धुतलेले कपडे तिसऱ्या दिवशीही ‘वाळलेत की नाही’ या अवस्थेत. लोक ते घरातच दोऱ्यांवर टाकतात. एक बादली पिळलेले कपडे वाळताना दोन-तीन लिटर पाणी खोलीच्या हवेत सोडतात, म्हणजे पुन्हा तोच अमरावतीचा कूलर. आईंना दम्याचा किंवा सर्दीचा काही त्रास असेल तर ही बुरशी मेच्या उकाड्यापेक्षा जास्त बघण्यासारखी गोष्ट आहे. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही म्हणून फार ताणत नाही.

ऑक्टोबर वाईट, पण छोटा. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत छान, फक्त त्याच दिवसांत हवेतली धूळ-धूर सगळ्यात जास्त असतो. खिडकी उघडावी तर खोकला.

इथपर्यंत मी त्रासाबद्दल बोलले. धोका ही वेगळी गोष्ट आहे, आणि लोक या दोन्हींची गल्लत करतात. ठाण्याची हवा त्रासात पुढे, नागपूरची धोक्यात, असं ढोबळमानाने म्हणता येईल. ४४ अंशांत उन्हात फिरणारा म्हातारा माणूस तहान लागायच्या आत कोरडा पडू शकतो. आणि पारा चाळीस अंशांच्या वर असताना नुसता पंखा लावला तर तो गरम हवाच अंगावर फेकतो, ही गोष्ट अजून अनेकांना माहीत नसते. पण किनारा सुरक्षित आहे असं समजू नका. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानात पुरस्काराचा मोठा समारंभ झाला. लाखो लोक तासन्‌तास उघड्या उन्हात बसले होते, आणि उष्माघाताने १४ जण गेले. पारा तुमच्या नागपूरच्या हिशेबाने किरकोळच होता. हवामान विभागसुद्धा उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागाला ४० अंशांचा उंबरठा लावतो आणि किनाऱ्याला ३७ चा, तो उगाच नाही. नागपूरचा माणूस इथे येऊन ‘छत्तीस म्हणजे काय, आमच्याकडे हिवाळ्यात असतं’ असं म्हणत दुपारी बाराला बिनटोपीचा निघतो, त्याची मला खरी काळजी वाटते. तुमचं शरीर कोरड्या उन्हाला सरावलंय, ओल्याला नाही. सराव व्हायला दहा-बारा दिवस ते दोन आठवडे लागतात. आई रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असतील तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांशी बोलून ठेवा, हे दोन्ही शहरांना लागू.

आता घर कुठे आणि कसं घ्यायचं, कारण एकाच परिसरात दोन हवा असतात. तुम्ही घोडबंदर रोड आणि खारघर अशी दोन नावं दिलीत. समुद्राचा वारा दुपारनंतर पश्चिमेकडून येतो. घोडबंदरच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आडवे आहेत, त्यामुळे तो वारा तिथे उशिरा आणि अंगातलं बळ गमावून पोचतो. पण डोंगरामुळेच संध्याकाळचं ऊन काही इमारतींवरून लवकर जातं. खाडीच्या बाजूची घरं वाऱ्याला बरी, ओहोटीच्या वेळी नाकाला जरा जड. खारघर डोंगरांच्या कुशीत आहे, पाऊस सडकून, आणि डोंगरालगतच्या इमारतींत ओल जास्त. ऐरोलीला रोज जायचं तर घोडबंदरवरून गाडीने जो वेळ जातो तो हवेच्या उत्तरात बसत नाही, पण तुमच्या तासांत बसतो, तोही धरा.

पण एवढ्यावर नका जाऊ. तुमच्या दोन नावांपेक्षा फ्लॅटचं तोंड कुठे आणि वर काय आहे याने जास्त फरक पडतो. शेवटचा मजला असेल आणि वर उघडी गच्ची, तर दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता रात्री खाली सोडतो. माझ्याकडे दुरून तापमान मोजायचं यंत्र असतं. एप्रिलमध्ये रात्री नऊ वाजता एका वरच्या मजल्यावरच्या बेडरूमचं छत मी ३९ अंश मोजलंय, तेव्हा खोलीतली हवा ३२ होती. पलंगावर पडलेल्या माणसाला ते छत दिसत नाही, पण सगळ्या अंगाला जाणवत राहतं. वर पांढरा लेप किंवा चिनी मोज़ेक असेल तर बराच फरक पडतो. तुमच्याकडे यंत्र नसेल तर हात आहे. फ्लॅट बघायला दलाल सकाळी अकराला नेतो, कारण तेव्हा सगळंच छान दिसतं. तुम्ही एप्रिल-मेमध्ये रात्री नऊला जा. एसी, पंखा बंद करायला सांगा. पश्चिमेच्या भिंतीला तळवा लावा. मग समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा आणि मध्ये उभे राहा. पडदा हलला तर घर अर्धं जिंकलं. ज्या घरात सगळ्या खिडक्या एकाच बाजूला आहेत ते कितीही मोठं असलं तरी मी आईंसाठी घेणार नाही.

आणि एसीच्या बाबतीत कंजूषी करायची तर तापमानात करा, तासांत नको. आपल्याकडच्या माणसांवर अभ्यास करून अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने एक सूत्र काढलंय. खिडक्या-पंख्यांवर चालणाऱ्या इमारतीत, बाहेरचं सरासरी तापमान ३० असताना, आपल्या लोकांना आत २९ च्या आसपासही ठीक वाटतं. माझा अनुभव तोच. रात्री एसी २७ वर आणि पंखा हळू, आणि शक्य तिथे ‘ड्राय’. चोवीसवर गारठून मग पांघरूण घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि सांधे धरलेल्या माणसाला सोसतंही.

आता तुमच्या भावाचं थोडक्यात. तो अर्धा बरोबर आहे. थंडीत कपडे चढवता येतात, उकाड्यात एका मर्यादेपलीकडे उतरवता येत नाहीत. वाऱ्यामुळे गारठा किती वाढतो ते मोजायचं पहिलं सूत्रसुद्धा पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी अंटार्क्टिकात प्लॅस्टिकच्या नळकांड्यातलं पाणी किती वेळात गोठतं ते बघून काढलं होतं, १९४५ ला छापलं. नळकांड्याला ना स्वेटर ना सांजवेळची हुरहुर. तेव्हा कॅनडात हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो आणि चार-पाच महिने आईंना अंगणात पाऊल टाकता येत नाही, हे त्या आकड्यात येत नाही. पण त्या हवेत मी राहिलेले नाही, त्यामुळे भावाशी वाद घालायला माझं नाव वापरू नका.

तर तुमच्या जागी मी असते तर नोकरी घेतली असती. अकराएक महिने इथली हवा आईंना झेपेल. राहिलेले मेचे दोन आणि जूनचे दोन आठवडे, त्यांच्यासाठी एक खोली नीट तयार करायची: मधल्या मजल्यावरची, पश्चिम टाळलेली, एक टनाचा एसी असलेली. आईंना पहिल्यांदा मेमध्ये आणू नका, नाहीतर त्या जन्मभर तुम्हाला तेच ऐकवतील. जानेवारीत आणा, महिनाभर राहू द्या, स्टेशनापर्यंत चालत जाऊ द्या, शेजारपाजार होऊ द्या. मे महिना इथे काढायचा की नागपूरला नातेवाइकांकडे, ते त्यांनाच ठरवू द्या. मजा म्हणजे माझी आई तेच करायची. ठाण्याच्या मेला वैतागून अकोल्याला जायची आणि तिथल्या पंचेचाळिसात कूलरसमोर पाय लांब करून म्हणायची, ‘आता कसं बरं वाटलं.’

तुमचा कूलर मात्र तिथेच कुणाला तरी देऊन या.